आडनाव मिस्त्री, ओळख पेंटर : संगीत नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूरावांनी सिनेमाला उजेड कसा दिला?

बाबूराव पेंटर यांचं आडनाव पेंटर नव्हतं.

कोल्हापुरात ३ जून १८९० रोजी जन्मलेल्या या माणसाचं खरं नाव बाबूराव कृष्णराव मिस्त्री. पेंटर हे त्यांच्या धंद्याचं नाव. संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता ते इतकं चिकटलं की मूळ आडनाव मागे पडलं. आज सिनेमाचा इतिहास त्यांना कलामहर्षी बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो. भारतीय बनावटीचा पहिला चालता कॅमेरा, 'सैरंध्री', 'सिंहगड', 'सावकारी पाश', प्रभातच्या संस्थापकांचे गुरू, अशी त्यांची मोठी यादी सांगितली जाते.

पण या यादीच्या आधीची काही वर्षं सहसा कुणी सांगत नाही. साधारण १९१० ते १९१६ या काळात बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे पश्चिम भारतातले नावाजलेले पडदे रंगवणारे कलाकार होते. मराठी संगीत नाटक मंडळ्या आणि गुजराती-पारशी नाटक कंपन्या त्यांच्याकडून पडदे करून घ्यायच्या.

पुढे सिनेमात त्यांनी जे केलं, त्याची पाळंमुळं या पडद्यांच्या कामात सापडतात. ती कशी, हे समजून घ्यायचं तर आधी संगीत नाटकाच्या मागच्या बाजूला जावं लागेल. जिथे दोर, कप्प्या, बांबू आणि दिवे असतात तिथे.

आपला ऑपेरा म्हणजे संगीत नाटक

युरोपात ज्याला ऑपेरा म्हणतात, त्याचा आपल्याकडचा जवळचा नातेवाईक म्हणजे संगीत नाटक. दोन्हीकडे गोष्ट गाण्यातून पुढे सरकते. दोन्हीकडे गायक नट हाच राजा असतो. आणि दोन्हीकडे त्या राजाला उभं राहायला महाल, जंगल नाहीतर स्वर्ग लागतो, तोही दहा-पंधरा मिनिटांत बदलून हवा असतो.

सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यातल्या माणसाला या नाटकाची ओळख करून द्यायची गरजच नाही. आष्ट्यापासून वीसेक किलोमीटरवरच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमीची सुरुवात झाली. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. बालगंधर्वांचं राजहंस घराणं पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचं. ललितकलादर्श मंडळी काढणारे केशवराव भोसले कोल्हापूरचे, आणि त्यांचा जन्मही बाबूरावांच्याच साली, १८९० मध्ये झालेला.

भाव्यांच्या काळात देखावा असा फारसा नसायचा. मागे एक पडदा, बाजूला सूत्रधार आणि साथीदार. बाकी सगळं प्रेक्षकाने मनात उभं करायचं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' आणलं आणि संगीत नाटकाला नवं रूप मिळालं. त्याच काळात मुंबईत पारशी कंपन्यांनी रंगवलेल्या पडद्यांची आणि चमत्कारिक देखाव्यांची सवय प्रेक्षकांना लावली होती. आता कण्वाचा आश्रम आश्रमासारखा दिसायला हवा होता. पैसे देऊन आलेला प्रेक्षक नुसत्या कापडावर समाधान मानणार नव्हता.

१९१० च्या आसपास तर स्पर्धाच लागली. १९०८ साली ललितकलादर्श निघाली. १९११ साली 'मानापमान' रंगभूमीवर आलं. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. प्रत्येक कंपनीला आपली सीनसीनरी दुसरीपेक्षा सरस हवी होती. नेमक्या याच काळात कोल्हापुरातले दोन तरुण हातात कुंचले घेऊन उभे होते.

सुताराच्या घरातला चित्रकार

बाबूरावांचे वडील कृष्णराव मिस्त्री हे हरहुन्नरी कारागीर होते. सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, हस्तिदंतावरचं कोरीवकाम, त्यांच्या हाताला बहुतेक सगळंच यायचं. बाबूराव कुठल्या कला महाविद्यालयात शिकले नाहीत. चित्रकला आणि शिल्पकला त्यांनी स्वतःच्या मेहनतीने आत्मसात केली.

पण असं घर हीच एक शाळा होती. लाकडाला जोड कसा द्यायचा, धातूला घासून माप कसं आणायचं, मातीला चेहरा कसा द्यायचा, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं. रंगवलेली वस्तू आणि घडवलेली वस्तू यातला फरक त्यांच्या हातांना माहीत होता. पुढे हा फरकच त्यांच्या कामाचा कणा बनला.

कोल्हापूरची हवाही अनुकूल होती. राजर्षी शाहू महाराजांचा काळ. चित्रकार, गवई, पैलवान, नट या सगळ्यांना दरबाराचा आधार होता. महाराजांनी खासबागेत कुस्तीचं मैदान आणि त्याला लागून पॅलेस थिएटर बांधून घेतलं. १९१५ साली तयार झालेलं हेच थिएटर पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं. म्हणजे नाटक बघायला, नाटकवाल्यांना भेटायला आणि नाटकाचं काम मिळवायला कोल्हापुरात राहणं पुरेसं होतं.

आनंदराव हे या जोडीतले तितकेच महत्त्वाचे. दोघांनी एकत्र काम घेतलं, एकत्र रंगवलं, आणि एकत्रच पुढचं मोठं स्वप्न पाहिलं. ते स्वप्न बघायला आनंदराव मात्र राहिले नाहीत. त्यावर पुढे येऊच.

पडदा रंगवायचा म्हणजे काय करायचं?

आज आपण पडदा म्हटलं की मखमलीचा, मधोमध उघडणारा पडदा डोळ्यांपुढे येतो. संगीत नाटकाचा पडदा वेगळा. तो म्हणजे घराच्या भिंतीएवढं चित्र.

आधी जाड सुती कापडाच्या पट्ट्या जोडून रंगमंचाच्या रुंदीचं एक सलग कापड शिवायचं. ते ताणून त्यावर सरस आणि खडूची भुकटी यांचं अस्तर द्यायचं, म्हणजे कापडाची छिद्रं बुजतात आणि रंग आत शोषला जात नाही. मग लहान कागदावर काढलेल्या चित्रावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या करून कापडावर आखायच्या आणि एकेक चौकट उतरवायची. रंगही तैलरंग नसायचे. रंगाची भुकटी सरसाच्या पाण्यात कालवून वापरायची. तैलरंगाचा जाड थर गुंडाळताना तडकतो आणि दिव्यांच्या उजेडात चकाकतो. सरसाचा रंग मॅट राहतो, डोळ्यावर येत नाही. त्याचा तोटा एवढाच की पावसाळी दमट हवेत तो सुटायला लागतो.

खरी कसोटी लागते ती खोली दाखवताना. महालाचा दालनामागून दालन जाणारा देखावा सपाट कापडावर दिसला पाहिजे. त्यासाठी सगळ्या रेषा लांबच्या एका बिंदूकडे जाव्या लागतात. पण प्रेक्षागृहात हजार माणसं हजार ठिकाणी बसलेली. मधल्या खुर्चीवरच्या माणसाला जो खांब सरळ दिसतो तो कोपऱ्यातल्याला कलंडलेला दिसू शकतो. शिवाय नट मागे जाऊन पडद्याजवळ उभा राहिला की रंगवलेला दरवाजा त्याच्या कमरेएवढा दिसायची भीती. म्हणजे पडदा रंगवणाऱ्याला चित्रासोबत नट कुठे उभा राहणार आणि प्रेक्षक कुठून बघणार हेही डोक्यात ठेवावं लागतं.

थोडक्यात, कॅमेरा कुठे ठेवायचा हा प्रश्न बाबूराव कॅमेरा हातात येण्याआधीच सोडवत होते.

दोर, कप्पी आणि फिरता दांडा

रंगवलेला पडदा टांगायचा कसा, हा दुसरा प्रश्न.

युरोपातल्या मोठ्या ऑपेरागृहात रंगमंचाच्या वर एक उंच मनोरा असतो. प्रेक्षकाला दिसतो त्या चौकटीच्या दुपटीहून जास्त उंचीचा. तिथे पडदा न गुंडाळता सरळ वर ओढून लपवता येतो. त्याच्या वजनाइतकं दुसरं वजन दोराच्या टोकाला लावलं की दोन-तीन माणसं मोठा देखावा हलकेच वर नेतात.

आपल्या फिरत्या नाटक कंपन्यांना हा मनोरा कुठला मिळणार? आज मिरज, उद्या सांगली, परवा हुबळी. कुठे पक्कं थिएटर, कुठे पत्र्याचं, कुठे बांबू आणि ताडपत्रीचा मांडव. वर उंची नाही. म्हणून गुंडाळी पडदा.

त्याची युक्ती साधी आणि हुशार. कापडाची वरची कड आडव्या दांड्याला पक्की बांधायची. खालची कड एका गोल, लांब दांड्यावर खिळवायची. दोन्ही टोकांना दोर. ते खालच्या दांड्याखालून वळसा घेऊन वरच्या कप्पीवरून विंगेत उतरतात. दोर ओढला की खालचा दांडा स्वतःभोवती फिरत, कापड अंगावर गुंडाळत वर चढतो. सोडला की उलगडत खाली येतो. दोन्ही दोर एकाच वेगाने ओढले नाहीत, तर पडदा तिरका चढतो, कापडाला सुरकुती पडते आणि महालाच्या खांबाला कायमची घडी.

असे अनेक पडदे एकामागे एक टांगलेले असत. सगळ्यात पुढे दर्शनी पडदा. मग रस्त्याचा. मग बाग, जंगल, तुरुंग, महाल, दरबार. वरच्या कप्प्या आणि दोर झाकायला झालरी, बाजू झाकायला विंगा. नाटकाची बांधणीही त्यावर अवलंबून असायची. पुढे रस्त्याच्या पडद्यासमोर दोन पात्रं विनोदी प्रवेश करत असायची, तेव्हा मागे दरबाराचं सिंहासन लावलं जायचं. प्रवेश संपला, रस्ता वर गेला की दरबार तयार. एखादं पद वन्समोअर घेऊन लांबलं तर मागच्या माणसांना दम खायला मिळायचा.

नाटक पाच-सहा तास चालायचं. संपलं की हे सगळं उतरवायचं, गुंडाळायचं, बैलगाडीत किंवा रेल्वेत चढवायचं आणि पुढच्या गावी पुन्हा टांगायचं. प्रेक्षक गाणं डोक्यात घेऊन घरी जायचा. पडदा टांगणाऱ्याचं नाव जाहिरातीत क्वचितच असायचं.

दिवा आला की सावली येते

आता दिव्यांकडे येऊ. भाव्यांच्या काळात मशाली, दिवट्या आणि समया. पुढे रॉकेलचे दिवे, मग जाळीच्या गॅसबत्त्या, आणि मोठ्या शहरांत हळूहळू वीज. जगात पूर्ण विजेवर उजळलेलं पहिलं सार्वजनिक नाट्यगृह म्हणून लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचं नाव घेतात. ते १८८१ साली. गावोगाव फिरणाऱ्या कंपन्यांना मात्र पुढे कित्येक वर्षं बत्त्यांवरच रात्र काढावी लागली.

कापड, दोर, लाकूड आणि त्याला लागून ज्योत. धोका उघड होता. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वाय थिएटरमध्ये संगीताचा खेळ चालू असताना एका दिव्याच्या ठिणगीने रंगमंचावरचं कापड पेटलं. आग अडवणारा सुरक्षा पडदा अर्ध्यात अडकला आणि ६०२ माणसं गेली. दिवा कुठे टांगायचा आणि कापड त्यापासून किती लांब ठेवायचं, हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

आणि दिव्याची दुसरी अडचण कलेची होती. पडद्यावर चित्रकाराने सकाळ रंगवली, उजवीकडून ऊन येतंय, खांबांच्या सावल्या डावीकडे पडल्यात. पण खरे दिवे रंगमंचाच्या पुढच्या कडेला, पायांशी. त्यामुळे नटाच्या चेहऱ्यावर उजेड खालून येतो आणि त्याची भली मोठी सावली थेट रंगवलेल्या आकाशावर पडते. चित्रातला सूर्य एक सांगतो आणि समोरचा दिवा दुसरंच.

युरोपात हीच गोष्ट एका माणसाला सतावत होती. अडॉल्फ अपिया, जन्म १८६२, स्वित्झर्लंडचा. वाग्नरच्या ऑपेरांचा वेडा चाहता. त्याचं संगीत ऐकून भारावून जायचा आणि मागचा रंगवलेला देखावा बघून वैतागायचा. १८९९ साली त्याने यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. नट हाडामांसाचा, त्याला जाडी आहे. मागचा देखावा सपाट, त्याला जाडी नाही. दोघं एकत्र उभे राहिले की देखावा खोटा पडतो. म्हणून रंगवलेली सावली काढा, खऱ्या पायऱ्या आणि चौथरे उभे करा, आणि त्यावर असा दिवा टाका की सावली आपोआप पडेल.

कोल्हापुरात बसलेल्या बाबूरावांना अपियाशी काही देणंघेणं असल्याचा पुरावा नाही. पण अडचण दोघांची एकच होती. अपियाने तिच्यावर पुस्तक लिहिलं. बाबूरावांना उत्तर द्यायची संधी वेगळ्याच माध्यमाने दिली.

आनंदराव गेले, कॅमेरा अर्धाच राहिला

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. आधी त्यांनी सिनेमा दाखवायचा उद्योग करून पाहिला. पण मनात होतं ते सिनेमा काढायचं. त्यासाठी कॅमेरा हवा. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता. तेव्हा मिस्त्रींच्या घरातल्या या मुलांनी ठरवलं की तो घरीच करायचा.

हे वेडं साहस किती मोठं होतं बघा. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म एकसारखी सरकत नाही. ती क्षणभर थांबते, तेवढ्यात झडप उघडते, चित्र उमटतं, झडप मिटते आणि फिल्म बरोबर एक चौकट पुढे जाते. हे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, हाताने फिरवलेल्या दांड्यावर. दात्यांच्या चाकात केसभर फरक पडला तरी चित्र थरथरतं.

काम चालू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. कॅमेरा अपुरा होता. जोडीतला अर्धा माणूस गेला होता. इथे बाबूराव पुन्हा पडद्यांच्या बांधलेल्या धंद्याकडे वळले असते तर कुणी नावं ठेवली नसती.

ते थांबले नाहीत. पडद्यांच्या कामात हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले आता सोबत होते. पेणहून आलेला हा तरुण यंत्रात मुरलेला. गुरू-शिष्यांनी मिळून १९१८ साली चालणारा कॅमेरा उभा केला. कोल्हापुरात आज त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे.

भांडवलाचा प्रश्न सोडवायला पुढे आल्या गायिका तानीबाई कागलकर. त्यांच्या पैशावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. संगीताच्या कमाईवर सिनेमाचं घर उभं राहिलं, असं म्हटलं तरी चालेल.

पडदा गेला, भिंत आली

सुरुवातीच्या सिनेमांत मागे नाटकासारखाच रंगवलेला पडदा असायचा. रात्री बत्तीच्या मंद उजेडात जो पडदा महाल वाटायचा, तोच भर उन्हात कॅमेऱ्यापुढे कापड वाटायचा. वाऱ्याने हलायचा. महालाची भिंत हलली की गोष्ट संपली.

ज्याने आयुष्यातली उमेदीची वर्षं पडदे रंगवण्यात घालवली, त्यानेच पडदा काढून टाकला. बाबूरावांनी ठसठशीत, जाडी असलेले देखावे उभे करायला सुरुवात केली. खरे खांब, खऱ्या पायऱ्या, ज्यांच्या मागून माणूस जाऊ शकतो आणि ज्यांची सावली खरी पडते. सुताराच्या घरातलं जुनं ज्ञान इथे कामाला आलं. चित्रीकरणाआधी ते प्रसंगांची, वेशभूषेची, पात्रांची चित्रं काढून ठेवायचे. आज ज्याला स्टोरीबोर्ड म्हणतात तसंच ते काहीसं होतं. पडद्यासाठी आधी छोटं चित्र काढायची सवय त्यांना होतीच.

१९२० साली 'सैरंध्री' आला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्या काळात बालगंधर्वांसारखे पुरुष नट रंगभूमीवर नायिका रंगवत होते, हे लक्षात घेतलं तर या निर्णयाचं धाडस कळतं. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की सरकारने त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. पुढच्याच वर्षी आलेल्या 'वत्सलाहरण'साठी त्यांनी स्वतः रंगवलेली मोठी पोस्टरं लावली. जो हात देखावे रंगवत होता, तोच आता रस्त्यावरच्या माणसाला आत बोलवत होता.

मग १९२३ चा 'सिंहगड'. हरी नारायण आपट्यांच्या कादंबरीवरचा. गोष्टच रात्रीची. तानाजी अंधारात कडा चढतो. तोपर्यंत आपल्याकडचा सिनेमा उन्हावर अवलंबून होता. बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात रात्रीचे प्रसंग चित्रित केले. भारतात हे पहिल्यांदा घडलं असं मानलं जातं.

रात्र दाखवायची तर अंधार करून चालत नाही. अंधारात काही दिसतच नाही. थोडासा उजेड बरोबर ठिकाणी टाकावा लागतो, म्हणजे उरलेला अंधार खरा वाटतो. नाटकाच्या विंगेत उभं राहून दिवे आणि पडदे यांची भांडणं वर्षानुवर्षं बघितलेल्या माणसाला ही गोष्ट कुणी शिकवायची गरज नव्हती.

यश मोठं, गल्ला छोटा

१९२५ साली त्यांनी नारायण हरी आपट्यांच्या कथेवर 'सावकारी पाश' काढला. कर्जात बुडून जमीन गमावलेला आणि गिरणीत मजुरीला गेलेला शेतकरी हा त्याचा विषय. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. देव, राक्षस आणि चमत्कार यांची चलती असताना त्यांनी साधी झोपडी आणि साधा माणूस दाखवला. जाणकारांनी वाखाणला, तिकीटबारीवर मात्र पौराणिक चित्रपटांसारखी गर्दी झाली नाही.

बाबूराव कामाच्या बाबतीत कमालीचे चोखंदळ होते. मनासारखं होईपर्यंत हलायचं नाही हा पडदेवाल्याचा स्वभाव सिनेमाच्या खर्चात महाग पडतो. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे त्यांचे चार बिनीचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासोबत कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. घरातली कर्ती मुलं एकाच दिवशी वेगळी झाल्यासारखं होतं ते. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ तग धरू शकली नाही.

बोलपट आल्यावर बाबूरावांनी शालिनी सिनेटोनसाठी 'उषा', 'प्रतिभा' असे काही चित्रपट केले. 'सावकारी पाश' पुन्हा, आवाजासह केला. पण पूर्वीचं स्थान परत मिळालं नाही. चित्रकला आणि शिल्पकला मात्र त्यांनी सोडली नाही. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

मग उरलं काय?

इथे थोडं वाईट वाटतं. नाटकाचा पडदा टिकण्यासाठी नसतोच. दौऱ्यात झिजतो, पावसात डागाळतो, नवं नाटक आलं की त्याच कापडावर दुसरं चित्र चढतं. आणि त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज उपलब्ध नाहीत. १९२५ च्या 'सावकारी पाश'ची प्रतसुद्धा आपल्याकडे नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या कलाकाराचं आयुष्यभराचं काम आपण पाहू शकत नाही, त्याबद्दल फक्त वाचू शकतो.

पॅलेस थिएटरचंही बघा. शाहू महाराजांनी उभारलेलं, केशवरावांचं नाव लागलेलं ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत होरपळलं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. कलावंत, प्रेक्षक, बॅकस्टेजची माणसं त्या रात्री रस्त्यावर उभी राहून रडली.

पण कारागिराचं काम वस्तूत जेवढं असतं तेवढंच ते हाताखाली शिकलेल्यांच्या हातात असतं. दामले आणि फत्तेलाल या बाबूरावांकडे तयार झालेल्या जोडीने १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात तो गौरवला गेला. तो सिनेमा आज बघता येतो. त्यातलं तुकोबांचं घर बघा. भिंतीला जाडी आहे. दारातून येणारा उजेड जमिनीवर बरोबर तिथेच पडतो जिथे पडायला हवा. कुठलीही सावली रंगवलेली नाही.

पुढच्या वेळी नाटकाला गेलात तर तिसरी घंटा झाल्यावर एकदा वर नजर टाका. झालरीच्या मागे दिवे टांगलेले असतील, दोर असतील, आणि विंगेत कुणीतरी अंधारात हात दोरावर ठेवून इशाऱ्याची वाट बघत असेल. बाबूराव मिस्त्री नावाच्या मुलाने सुरुवात तिथूनच केली होती.